लाइकचा हिशेब

थंडीच्या दिवसांत लखनौच्या चौकात, गोल दरवाज्यापाशी सकाळी मक्खन मलाई मिळते. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा घुसळून काढलेला हा फेस ऊन चढलं की बसतो. गेल्या हिवाळ्यात माझी भाची तो खायचा सोडून फोटोच काढत राहिली. फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि दर मिनिटाला लाइक मोजू लागली. मैत्रिणीच्या फोटोला जास्त लाइक होते. झालं! तिचा चेहरा उतरला, द्रोणातला फेसही उतरला.

हसू नका, हे दुखणं खरं आहे. फेसबुक कंपनीचाच अंतर्गत अभ्यास २०२१ मध्ये उघडकीला आला. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी त्यात सांगितलं होतं. लोक निवडक क्षण मांडतात आणि आपण त्यांच्याशी आपला सबंध दिवस ताडून पाहतो.

फोन हिसकावून भागत नाही. लाइकचा आकडा लपवण्याची सोय त्याच वर्षी आली. ती मुलांना दाखवा. त्यांच्यासमोर स्वतःचे लाइकही मोजू नका.

भाचीला मी दुसरा द्रोण घेऊन दिला. या वेळी तिनं आधी खाल्लं.