श्रमदान झालं, आता पगाराचं बोला!

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या होस्टेलच्या नोटीस बोर्डवर एक कागद हमखास लागतो. 'गड स्वच्छता मोहीम. इच्छुकांनी नावे द्यावीत. ताट-वाटी-पेला ज्याचा त्याने आणावा.' चाळीस-पन्नास जण जातात. घोषणा होतात, प्लास्टिकच्या बाटल्यांची दहा-बारा पोती भरतात, खाली उतरून मिसळ, ग्रुप फोटो आणि सोमवारी पुन्हा सबमिशन. मी तीन वर्षं जातोय आणि पुढेही जाणार. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते रूमवर लोळत टीका करणाऱ्याचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मोहिमेच्या मित्रांनी कृपया रागावू नये. निदान शेवटपर्यंत वाचून मग रागवावं.

माझं म्हणणं साधं आहे. गडांना वर्षातून एका रविवारी येणारे हौशी हात पुरत नाहीत. तिथे दर हंगामाला ठरलेली, शिकवून तयार केलेली आणि पगार घेणारी तरुण माणसं हवीत. ती नेमायचं काम पुरातत्त्व खात्याचं आणि सरकारचं आहे, आणि ती शक्यतो गडाच्या पायथ्याच्या गावातली असावीत.

आता कारणं. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी सगळ्या विंगमध्ये जल्लोष होता, प्रत्येकाच्या स्टेटसवर एकेक गड होता. आनंद व्हायलाच हवा. पण यादीत नाव आलं म्हणून तटाचा निखळलेला दगड परत जागेवर जाऊन बसत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये विजयदुर्गाच्या तटबंदीचा भाग पावसात ढासळला, तेव्हा तो केंद्राच्या संरक्षित यादीत होताच की! यादीतल्यांची ही कथा, तर ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही त्या शेकडो गढ्या-किल्ल्यांचं काय विचारता?

तट पडतो कसा, हे सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपले बरेच तट म्हणजे बाहेरून घडीव दगड, आतून दगड आणि मध्ये चुना-मुरूम-दगडगोट्यांची भर. माथ्यावरचा थर उखडला की पाणी थेट पोटात शिरतं. आतला चुना हळूहळू धुपतो. पाणी बाहेर जायची भोकं मातीने आणि पालापाचोळ्याने बुजलेली असतात, म्हणजे मागून दाब वाढतो. मग भिंत 'पोट काढते'. हा गवंड्यांचा शब्द, आणि आमच्या पुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा चांगला. असं पोट सुटलेली भिंत दोन पावसाळे काढते, कधी चार, आणि एका रात्री खाली येते. सकाळी पेपरात बातमी येते, 'मुसळधार पावसाने तट कोसळला'. पावसाचा काय दोष? तो तीनशे वर्षं पडतोच आहे. भोकं साफ करणारा माणूस मात्र नाही.

दुसरा शत्रू पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी येतं, दगडांच्या फटीत रुजतं. पहिल्या वर्षी ते बोटाएवढं रोप असतं, ओल्या चुन्यातून दोन बोटांनी निघतं. तिसऱ्या वर्षी कोयता लागतो. दहाव्या वर्षी मूळ भिंतीच्या आरपार गेलेलं असतं. ओढलं तर दगड घेऊन येतं, नुसतं छाटलं तर दुप्पट जोमाने फुटतं. मग पाहणी, अंदाजपत्रक, निविदा, पराती आणि ठेकेदार. म्हणजे जे काम एका पोराने पाच मिनिटांत केलं असतं, त्याला दहा वर्षांनी लाखो रुपये लागतात. मेंटेनन्स हा विषय आपण पेपरात दहा मार्कांपुरता शिकतो, पण त्याचा सगळा अर्थ या एका रोपट्यात आहे.

हे काम मुळात हंगामी आहे. कॅलेंडर मांडून पाहा. एप्रिल-मे मध्ये टाक्यांतलं पाणी तळाला जातं, तेव्हा गाळाचं काम. तेही पुरातत्त्वाच्या माणसासमोर, कारण त्या गाळात काय सापडेल सांगता येत नाही. मृगाच्या आधी तटाची भोकं आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या व्हायला हव्यात. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोवळी रोपं उपटायची, वाटांवरचं गवत काढायचं. डिसेंबर-जानेवारीत वणव्यासाठी जाळरेषा काढायच्या आणि त्याच थंडीत दगडांच्या दर्जा चुन्याने भरायच्या, कारण चुन्याला भर पाऊसही चालत नाही आणि वैशाखाचं ऊनही. चुना सिमेंटसारखा रात्रीत आवळत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. त्याच्यावर ओलं गोणपाट टाकून कित्येक दिवस पाणी मारावं लागतं. आता सांगा, रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या एसटीने परतणारे आपण सोमवारी पाणी मारायला कुठून येणार?

म्हणूनच हौसेच्या कामात घोटाळे होतात. एका गडावर (नाव मुद्दाम लिहीत नाही) कुठल्याशा उत्साही मंडळींनी दरवाजाशेजारच्या दगडांच्या फटी सिमेंटने लिंपून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. हेतू चांगलाच असणार. पण सिमेंट पाण्याला वाट देत नाही. ओल आत कोंडते, क्षार बाहेर यायला धडपडतात आणि शेजारचा दगडच पापुद्र्यासारखा सुटू लागतो. शिवाय संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय काहीही करणं १९५८ च्या केंद्राच्या आणि १९६० च्या राज्याच्या कायद्यात बसत नाही, हे किती जणांना माहीत असतं?

आणि दुखापतीचं काय? मागच्या मोहिमेत आमच्यातला एक जण रोप काढायला बुरुजावर चढला, पाय घसरला, मनगट मोडलं. ना कमरेला दोर, ना डोक्यावर हेल्मेट, ना विमा. प्लास्टरचा खर्च आम्ही वर्गणी काढून भागवला. 'श्रमदान' म्हटलं की जबाबदारी कुणाचीच नसते. मजुरीच्या कामावर निदान विचारायला कुणीतरी असतं.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. आमच्याच विंगमधला एक मित्र ताडकन म्हणाला, "महाराजांच्या गडावर काम करायचे पैसे मागणार? लाज वाटत नाही?" त्याची भावना मला कळते. पण राव, महाराजांच्या काळी गडावरचा माणूस फुकट राबत होता असं कुणी सांगितलं? गडावर हवालदार होता, सरनौबत होता, जमाखर्चाला सबनीस होता, कोठाराला कारखानीस होता. त्यांना ठरलेलं वेतन होतं. घेऱ्यातल्या लोकांना त्यांच्या कामाबद्दल जमिनी होत्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात गडकोटांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गडावर केर साठू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा, इतक्या बारकाईने त्यात लिहिलंय. केर कुठे टाकायचा हे ज्या राज्यात लिहून ठेवलं जातं, त्या राज्यात झाडणारा माणूसही नेमलेलाच असणार ना? देखभाल हा तिथे कारभार होता. आपण त्याचा उत्सव केला आणि कारभार विसरलो.

दुसरा आक्षेप पैशांचा. त्यासाठी दोन उदाहरणं देतो. पहिलं आपल्या घरचं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हाताला काम दिलं आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदाच केला. रस्ते, पाझर तलाव, बंधारे त्यातून झाले. हंगामी काम देऊन टिकाऊ वस्तू उभी करायची ही कल्पना आपल्याला नवी नाही. दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १९३३ च्या मंदीत रूझवेल्ट सरकारने बेकार तरुणांची एक फौज उभी केली. वय साधारण अठरा ते पंचवीस, महिना तीस डॉलर, त्यातले बहुतेक पंचवीस थेट घरी पाठवायचे. १९४२ पर्यंत या पोरांनी झाडं लावली, रस्ते केले आणि ऐतिहासिक जागांचीही कामं केली. कॅलिफोर्नियातलं ला प्युरिसिमा नावाचं जुनं मिशन तर त्यांनी हाताने कच्च्या विटा पाडून पडझडीतून पुन्हा उभं केलं. पोरांच्या घरी पैसे गेले आणि त्यांच्या हातात कसब आलं.

आता आपला हिशेब. समजा एका गडाला दहा जणांचं एक पथक दिलं. माणशी रोज सहाशे रुपये धरा, वर्षात हंगाम पाहून शंभर दिवस काम. मजुरीचे होतात सहा लाख. चुना, अवजारं, दोर आणि विमा वेगळा धरा, मोठ्या गडाला दोन पथकं धरा. तरीही पडलेला बुरुज नव्याने रचण्यापेक्षा हे स्वस्त पडणार, हे सांगायला एस्टिमेटिंगचा पेपर सुटलेला असायची गरज नाही.

या दहांत कोण असावं, याबद्दल माझं मत जरा कडवट वाटेल. आपण नको, किंवा फार तर दोघे. बाकी पायथ्याच्या गावातली पोरं हवीत. गडावर जाताना आपण ज्यांच्याकडे ताक पितो, पिठलं-भाकरी खातो, त्यांच्याच घरातली. भातकापणी झाली की गावात काम नसतं. मग कुणी एमआयडीसीत कंत्राटी लागतो, कुणी मुंबईत हॉटेलात. गडावरची कुठली वाट पावसात निसरडी होते, आग्या मोहळ कुठे असतं, कुठलं टाकं मे महिन्यातही आटत नाही, हे त्यांना पाठ आहे. आपल्याला ते मोबाइलवर बघावं लागतं. त्यांना एखाद्या जुन्या गवंड्याच्या हाताखाली दोन हंगाम दिले तर चुना मळणं, दगड बसवणं, दर्जा भरणं शिकतील. बऱ्याच गडांवर चुन्याच्या घाणीचं दगडी चाक पडलेलं दिसतं. ते फिरवणारे हात संपत चाललेत. गडासोबत ते कसबही जपायला हवं, आणि पगाराशिवाय कसब टिकत नाही.

मग आपण काय करायचं? पुष्कळ. तटाची लेव्हल घ्या, भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती तडकते का याची नोंद ठेवा, दरवर्षी त्याच जागेवरून तोच फोटो काढा. चुन्याचे नमुने आपल्या लॅबमध्ये तपासा. मेकॅनिकलवाल्यांनी अवघड चढावर दगड आणि पाणी नेण्याची सोपी युक्ती शोधावी. कॉम्प्युटरवाल्यांनी नोंदींचा साधा प्रोग्राम लिहावा. फायनल इयरला तेच ते प्रोजेक्ट विकत आणून छापण्यापेक्षा हे बरं नाही का? आणि आपले सर-मॅडम हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती: उन्हाळ्यातले दोन महिने पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली असं काम केलं, तर ते इंटर्नशिप म्हणून धरावं. एखाद्या कंपनीत एसीत बसून चहा पीत मिळवलेल्या सर्टिफिकेटपेक्षा ते नक्कीच कमी नाही.

पुरातत्त्व खात्याला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही चौघांनी तयार केला आहे. त्यात मागण्या तीनच आहेत. प्रत्येक संरक्षित गडाला हंगामी निगा पथक, त्यात पायथ्याच्या गावांना प्राधान्य, आणि कामावर विमा. मसुदा रेक्टर सरांच्या केबिनमध्ये ठेवला आहे. वाचा, चुका काढा, पटलं तर सही करा. नाही पटलं तर मेसमध्ये गाठून भांडा, त्यालाही मी तयार आहे. फक्त लवकर या, कारण पुढच्या पावसाळ्याआधी भोकं मोकळी व्हायची असतील तर आत्ताच बोलावं लागेल.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी