न्यायाधीशाच्या दारावरची बेल कोण वाजवणार?

क्राइम मालिकांमध्ये हा प्रसंग हमखास येतो. तपास अधिकारी धागेदोरे जुळवत एका बड्या न्यायाधीशापर्यंत पोहोचतो, वरिष्ठ फाईल बंद करायला सांगतात, तरीही तो रात्री जाऊन बंगल्याची बेल वाजवतो. बघताना अंगावर काटा येतो. पण आमच्या सोलापुरात कोर्टाच्या तारखांनी पिचलेली घरं वस्तीवस्तीत आहेत. त्यामुळे मालिका संपली तरी प्रश्न उरतो : प्रत्यक्षात ही बेल कोण वाजवतं?

शेजारच्या साताऱ्यात ती वाजली. डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने तिथले तत्कालीन जिल्हा व सत्र न्यायाधीश धनंजय निकम यांच्यावर गुन्हा नोंदवला. आरोप असा, की फसवणुकीच्या प्रकरणात कोठडीत असलेल्या माणसाला जामीन देण्यासाठी मध्यस्थांमार्फत पाच लाख रुपये मागितले गेले. तक्रार त्या माणसाच्या मुलीने केली. निकम यांनी आरोप नाकारले आणि दोषी कोण हे खटल्यातच ठरेल. पण मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सेवेतून बडतर्फ झाले. मालिकेतला तो धाडसी अधिकारी इथे मुख्य पात्र नव्हताच. बाप कोठडीत असताना लेखी तक्रार द्यायला गेलेली मुलगी होती.

आता वरच्या मजल्यावर काय होतं ते बघा. १४ मार्च २०२५ च्या रात्री दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या सरकारी बंगल्यात आग लागली आणि तिथे जळालेल्या नोटा सापडल्याचं प्रकरण बाहेर आलं. त्यांनीही आरोप फेटाळले. तीन न्यायाधीशांच्या समितीने अंतर्गत चौकशी केली. गुन्हा नोंदवा म्हणणाऱ्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने हात घातला नाही. ऑगस्टमध्ये लोकसभा अध्यक्षांनी चौकशी समिती नेमली. फौजदाराने बेल वाजवण्याचा प्रश्नच आला नाही, कारण १९९१ च्या वीरस्वामी निकालानुसार उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशावर गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करावी लागते. उरतो तो संसदेचा रस्ता. तो कसा आहे हे १९९३ मध्ये दिसलं : न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्ध चौकशी समितीचा अहवाल असूनही सत्ताधारी काँग्रेसचे खासदार मतदानापासून दूर राहिले आणि ठराव पडला.

हे कवचच काढून टाका, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. परभणीत कोठडीत गेलेल्या सोमनाथ सूर्यवंशींच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवरच गुन्हा नोंदवायला सांगितलं. असा आदेश देणाऱ्या न्यायाधीशाच्या मागे उद्या सरकारने पोलीस लावले, तर आमच्या आयाबहिणींनी दाद मागायची कुठे? आमचा आक्षेप कवचाला नाही. कवचाच्या आत काय चाललंय हे तक्रारदाराला कधीच कळत नाही, याला आहे. अंतर्गत चौकशीचा अहवाल मिळण्याचा हक्क त्याला नाही.

२४ मे १९४९ रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तो माणूसच आहे, माणसाचे दोष आणि पूर्वग्रह त्यालाही असतात. धम्मपदाच्या अट्ठकथेतही श्रावस्तीचे भिक्खू पावसात न्यायसभेच्या आडोशाला थांबतात आणि अमात्यांना लाच घेऊन निवाडे देताना पाहतात. म्हणजे हा रोग जुना आहे.

एक गोष्ट आमच्या स्वतःच्या घरातलीही. २०२५ मध्ये भूषण गवई सरन्यायाधीश झाले, या पदावरचे पहिले बौद्ध. वस्त्यांमध्ये पेढे वाटले गेले, त्यात आम्हीही होतो. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर बूट फेकण्याचा प्रयत्न झाला तेव्हा संतापही आमचाच होता. पण ‘आपला माणूस’ खुर्चीवर आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, असं काहींनी समाजमाध्यमांवर लिहिलं, ते आम्हाला पटलं नाही. वर्मांची याचिका आली तेव्हा, आधीच्या सल्लामसलतीत आपण होतो म्हणून गवईंनी स्वतःच त्या सुनावणीपासून दूर राहायचं ठरवलं. त्यांना जे कळलं ते त्यांच्या चाहत्यांनाही कळावं.

सोलापूरचे खटले आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची रात्रगाडी टळली आहे. न्यायाधीशाबद्दल बोललं की अवमान होतो, ही भीतीही आता टाकायला हवी. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चं कलम ६ सांगतं, की खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेलं निवेदन हा अवमान नाही. त्यामुळे चहाच्या टपरीवर ‘साहेब पैसे घेतो’ म्हणण्यापेक्षा तारीख, प्रकरण क्रमांक, मध्यस्थाने कुठे काय मागितलं हे त्याच दिवशी वहीत लिहा, प्रतिज्ञापत्र जोडा, सहीनिशी द्या. निनावी अर्ज पाठवू नका, तो कचऱ्यात जातो. आणि कोणी लाच मागितलीच, तर पैसे देण्याआधी १०६४ वर फोन करा.