‘सेटल’ म्हणजे मिटलं नव्हे

नेरळ स्थानकाबाहेर पाऊल टाकलं की एकीकडे माथेरानच्या टॅक्सीवाल्यांच्या हाका आणि दुसरीकडे नव्या गृहप्रकल्पांचे फलक. ठाण्या-मुंबईत न परवडणारं घर इथे, शेलूला किंवा वांगणीला मिळेल या आशेने रविवारी कर्जत लोकलमधून कुटुंबं उतरतात, सॅम्पल फ्लॅट बघतात, टोकन देऊन जातात. त्यातल्या काहींना महिनाभरात बँकेतून निरोप येतो: सिबिल कमी आहे. मोठ्या चुका इथून पुढे होतात, कारण टोकन अडकलेलं असतं आणि प्रत्येक दिवस जड जातो.

सिबिल हे खरं तर २००० साली स्थापन झालेल्या कंपनीचं नाव. मराठी माणसाने ते कर्जफेडीची पत सांगणाऱ्या ३०० ते ९०० या आकड्यालाच देऊन टाकलं. त्याची धास्ती किती खोल गेली आहे, हे फेब्रुवारी २०२५मध्ये दिसलं. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून मुलीकडच्यांनी ठरत आलेलं लग्न मोडल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना बँकांच्या बैठकीत बजावावं लागलं, की पीककर्जासाठी शेतकऱ्याकडे सिबिल मागाल तर गुन्हे दाखल होतील. एवढं वजन असलेल्या आकड्याबद्दल साधी माहितीही लोकांपर्यंत पोचत नाही, ही चीड आणणारी गोष्ट आहे.

पहिला नकार आला की माणूस त्याच आठवड्यात आणखी चार-पाच ठिकाणी अर्ज टाकतो. कुठेतरी फाईल पास होईल, हा त्यामागचा हिशेब. पण कर्जासाठी झालेली प्रत्येक चौकशी क्रेडिट अहवालात नोंदली जाते, आणि पाचव्या बँकेला आधीच्या चारही दिसतात. गंमत उलटी आहे: स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर स्कोअर तसूभरही घटत नाही, तरी ‘बघितलं की कमी होतं’ या समजापायी तो कुणी उघडत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७पासून आहे.

अहवाल उघडल्यावर काय सापडतं? बहुतेकदा विसरलेलं काहीतरी. मोबाईलच्या हप्त्यांतला शेवटचा हप्ता, ॲपवरून घेतलेलं छोटं कर्ज, मित्राच्या रिक्षासाठी दिलेला जामीन. मित्राने हप्ते थकवले तर डाग जामीनदाराच्याही अहवालावर पडतो.

सर्वांत महाग पडते ती तडजोड. थकलेल्या कार्डाचे ६० हजार असतात, वसुलीवाला फोनवर म्हणतो, ‘२५ हजार भरा, विषय संपवून टाकू.’ घराच्या घाईत असलेला माणूस उसने आणून पैसे भरतो, पत्र घेतो आणि सुटकेचा श्वास सोडतो. अहवालात मात्र ते खातं ‘बंद’ असं नसतं, ‘सेटल्ड’ असं असतं. पुढच्या बँकेसाठी त्याचा अर्थ सरळ आहे: या माणसाने घेतलेले सगळे पैसे परत केले नाहीत. क्रेडिट कंपन्या अशी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवतात. उरलेली रक्कम भरून ‘नो ड्यूज’ पत्र घेतलं आणि बँकेने नोंद ‘क्लोज्ड’ अशी बदलली, तरच वाट मोकळी होते. ज्याच्याकडे खरोखरच पैसा नाही त्याने तडजोड करू नये असं नाही. पण काय विकत घेतोय हे त्याला सही करण्याआधी कळलं पाहिजे.

याच अडचणीवर ‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्यांचा धंदा चालतो. खऱ्या थकबाकीची नोंद अशा मध्यस्थाला पैसे देऊन पुसता येत नाही. आणि नोंद चुकीची असेल तर मध्यस्थ लागतच नाही. तक्रार फुकट करता येते. ३० दिवसांत ती सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. बँकांना आता निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, म्हणजे भरलेला हप्ता दिसायलाही पूर्वीइतका काळ लागत नाही.

पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याने तर ‘स्कोअर तयार करायला’ उगाच वस्तू हप्त्यावर घेण्याच्या फंदात पडूच नये. निव्वळ इतिहास नाही म्हणून अर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे आणि सरकारने २०२५च्या ऑगस्टमध्ये लोकसभेतही ते स्पष्ट केलं.

तरीही सगळा भार कर्जदारावर टाकणं अन्यायाचं आहे. तडजोडीची पत्रं अनेकदा इंग्रजीत असतात आणि परिणामांचा उल्लेख असलाच तर बारीक अक्षरांत. महाराष्ट्रात तडजोड करणाऱ्या प्रत्येक बँकेवर आणि वित्त कंपनीवर सक्ती हवी, की सहीच्या जागेच्या वर, ठळक मराठीत लिहा: ‘ही रक्कम भरल्यावर आपले खाते अहवालात सेटल्ड असे दिसेल. त्यामुळे पुढचे कर्ज नाकारले जाऊ शकते. पूर्ण भरणा केल्यास नोंद क्लोज्ड अशी होईल. त्यासाठी उरलेली रक्कम इतकी.’ आणि त्यापुढे आकडा.