शपथ की स्वाक्षरी?

हा शोध आपलाच आहे, असे संशोधकाने शासनास कोणत्या रीतीने सांगावे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. वस्तुतः माणसाच्या शब्दाचे मोल त्यात गुंतलेले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७९३ च्या कायद्याने पेटंट मागणाऱ्यावर शपथेचे वा गंभीर प्रतिज्ञेचे बंधन घातले, आणि १९५२ च्या कायद्यानेही शपथ कायम ठेवली. शपथ देण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यापुढे अर्जदाराने जातीने उभे राहावे, असा तो दंडक होता. परदेशस्थ संशोधकाची तर अधिकच ओढाताण होई. नागपूरच्या एखाद्या रसायनज्ञास अमेरिकेत पेटंट हवे असल्यास त्याने अमेरिकन वकिलातीत जावे, नाहीतर स्थानिक अधिकाऱ्याच्या मोहोरेवर वकिलातीचा दाखला मिळवावा!

मार्च १९६४ मध्ये तेथील विधिमंडळाने पेटंट कार्यालयास शपथेऐवजी लेखी घोषणा स्वीकारण्याची मुभा दिली. अट एकच: हेतुपुरस्सर खोटे लिहिल्यास दंड, कारावास किंवा दोन्ही शिक्षा होतील, ही ताकीद त्याच कागदावर असली पाहिजे.

शपथेने मनावर दडपण येते, नुसत्या स्वाक्षरीने येत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. तथापि शपथ देणारा अधिकारी शोधाची सत्यता कधीच तपासत नसे. समोरचा मनुष्य कोण आणि त्याने शपथ उच्चारली की नाही, एवढेच तो पाही. लबाडी उघडी पडते ती पुढे, प्रतिस्पर्ध्याने न्यायालयात पुरावा मांडल्यावर. शिक्षेचे म्हणावे, तर अमेरिकन कायद्यात खोट्या शपथेस आणि खोट्या घोषणेस कारावासाची कमाल मर्यादा सारखीच, पाच वर्षांची आहे. शिवाय पेटंट धोक्यात येते ते निराळेच. मग शपथेने अधिक काय साधले? इंग्लंडने तर १८३५ मध्येच अनावश्यक शपथा बंद करण्यासाठी कायदा करून पेटंटच्या अर्जासही घोषणा पुरेशी मानली होती. आपल्याकडे १८४० च्या कायद्याने न्यायालयांतील गंगाजलाची व कुराणाची शपथ जाऊन तेथे गंभीर प्रतिज्ञा आली. त्यामुळे साक्षी देणे काही थांबले नाही.

खरा धोका निराळा आहे. सोपी गोष्ट मनुष्य न वाचता करतो. आता तर अमेरिकेत दोन तिरप्या रेघांमध्ये आपले नाव स्वतः टंकलिखित केले तरी ती स्वाक्षरी ठरते. ज्या ताकिदीवर घोषणेची सारी भिस्त, तीच नजरेआड झाली तर उरते केवळ नाव.

यावर त्याच देशाच्या नियमांत एक उत्तम तरतूद आहे. संशोधकास इंग्रजी समजत नसेल, तर घोषणा त्याला समजणाऱ्या भाषेतच असली पाहिजे. भारतातही १९७० च्या कायद्याखाली अर्जदार लेखी घोषणाच करतो. पण पेटंट कार्यालयाचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे लागतात. सांगलीच्या ज्या कारागिराने अवजारात सुधारणा केली, तो आपल्या दायित्वाचा मजकूर अनेकदा वकिलाच्या तोंडून ऐकतो आणि दाखविलेल्या जागी सही करतो. घोषणेचे एक पान त्याच्या मातृभाषेत छापून मूळ कागदास जोडण्यास खर्च तो कितीसा येणार? सहीपूर्वी ते पान त्याने स्वतः वाचावे, वाचता येत नसेल तर त्याला वाचून दाखवावे, आणि तसे केल्याची नोंद कागदावर असावी.