चांद्यातले ईस्ट बंगाल

फुटबॉलचा हंगाम संपला म्हणजे कोल्हापुरात काय चालते, हे आमच्या कोल्हापूरकर वाचकांना सांगायला नको. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांच्या पाठीराख्यांचा शाहू स्टेडियमवरचा हिशेब पेठेच्या कट्ट्यावर पावसाळाभर चालू असतो. परंतु त्या मंडळींचे एक बरे आहे. संघ आपल्या पेठेतला, मैदान आपल्या गावातले, आणि ऐन वेळी गोल हुकवणारा पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन समोरूनच जायचा. त्याला चार शब्द सुनावता येतात. ज्यांचा संघ रेल्वेने हजाराहून अधिक किलोमीटरांवर आहे, ज्यांनी त्याचे मैदान जन्मात पाहिलेले नाही, त्यांनी राग काढावा कोणावर?

असे पाठीराखे आमच्या चंद्रपुरात आहेत. बंगाली कॅम्प ही वस्ती चंद्रपुरात सर्वांना ठाऊक आहे, पण आम्ही बाकीचे चंद्रपूरकर तेथे जातो ते बहुधा मासळीसाठी. मीही त्यासाठीच जात असे. मासळी घेऊन चहाला टेकलो, तो तेथे पाच-सहा वडीलधारी माणसे एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलेली. कोणाचे प्रेत उचलायचे राहिले असावे असे चेहरे. चौकशी केली तेव्हा कळले की ईस्ट बंगाल हरत होते.

तेव्हापासून मी या मंडळाचा मानसेवी सभासद आहे. मंडळाला नाव नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. त्यामुळे भांडणेही फक्त फुटबॉलवरून होतात. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ अध्यक्षस्थानी असतात. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. एक शिंपी आहेत, एक भाजीवाले आहेत, आणि विरोधी पक्ष म्हणून बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जन्म काढलेले एक हुगळीकडचे बाबू आहेत. हे मोहन बागानवाले. पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशाला ही मंडळी ‘घोटी’ म्हणतात. आपल्याकडे घोटी म्हटले की इगतपुरीजवळचे गाव आठवते, म्हणून पहिले काही दिवस मी बाबूंना नाशिककडचे समजत होतो.

ईस्ट बंगाल जिंकले की हिल्सा मासा खायचा आणि मोहन बागान जिंकले की कोळंबी, असा कलकत्त्याचा शिरस्ता. इथे भूगोलच बाबूंच्या बाजूचा. वैनगंगेत झिंगे मिळतात. हिल्सा समुद्राकडून यायची, ती आमच्या जंगलात कुठली यायला? दादांचे लोक जिंकल्यावरही रोहूच खातात आणि तिलाच हिल्सा म्हणतात.

आता ही माणसे येथे कशी, हे सांगायला हवे. फाळणी 1947 साली झाली, पण पूर्व पाकिस्तानातून येणारी रीघ त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालूच होती. 1964 च्या दंगलींनंतर तर ती फारच वाढली. कलकत्त्यात जागा पुरेना. मग आगगाड्या भरभरून माणसे रायपूरजवळच्या माना छावणीत आणली गेली आणि तेथून दंडकारण्यात व त्याच्या कडेच्या मुलखात वाटली गेली. आमच्या चांदा जिल्ह्याच्या वाट्याला त्यांतली पुष्कळ कुटुंबे आली. जंगल तोडून त्यांनी भात लावला, तळ्यांत मासळी सोडली. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावे उभी राहिली. पुढे 1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती गावे तिकडे गेली आणि कॅम्प चंद्रपुरात राहिला. यांतले पुष्कळसे नमःशूद्र. ही जात पश्चिम बंगालात अनुसूचित, महाराष्ट्राच्या यादीत तिचे नावच नाही. म्हणजे नदी गेली, गाव गेले, आणि कागदावरची जातही वाटेत कुठे तरी राहिली. (जात अशी सहज हरवते हे आधी ठाऊक असते, तर आपल्या देशातल्या कित्येकांनी मुद्दाम प्रवास केला असता!)

हरवले नाही ते क्लबाचे नाव. ईस्ट बंगाल क्लब 1 ऑगस्ट 1920 रोजी निघाला तो एका रुसव्यातून. जोडाबागान संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या पूर्वेकडच्या खेळाडूला वगळले, म्हणून सुरेशचंद्र चौधुरी चिडून बाहेर पडले आणि त्यांनी मित्रांना घेऊन नवा क्लब काढला. तेव्हा पूर्व बंगाल हा नकाशावरचा मुलूख होता. 1947 साली तो पाकिस्तानात गेला, 1955 साली पूर्व पाकिस्तान झाला, 1971 साली बांगलादेश झाला. क्लबाने मात्र आपले नाव बदलले नाही. घरदार सोडून आलेल्यांना आपल्या देशाचे जुने नाव कोणी मोठ्याने घेत असल्याचे ऐकायचे असेल, तर फुटबॉलचे मैदान एवढीच जागा उरली होती.

या मंडळाचा 2024-25 चा हंगाम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहिला. आधीच्या जानेवारीत, म्हणजे 28 जानेवारी 2024 रोजी, भुवनेश्वरला ओडिशा संघाला त्याच्याच मैदानावर जादा वेळेत 3-2 असे हरवून ईस्ट बंगालने सुपर कप जिंकला होता. बारा वर्षांनी देशपातळीवरचा चषक आला होता. त्या रात्री चहावाल्याने पैसे घेतले नव्हते. त्यामुळे नव्या हंगामाच्या आशा वारेमाप वाढलेल्या.

सुरुवातच अशुभ झाली. 18 ऑगस्टला ड्युरंड चषकात मोहन बागानशी गाठ पडायची होती. तीच रद्द झाली. कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता, शहर रस्त्यावर आले होते, आणि बंदोबस्ताला पोलीस पुरणार नाहीत म्हणून सामना नको असे ठरले. तेव्हा दोन्ही क्लबांचे पाठीराखे मैदानाबाहेर जमले, मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले, आणि एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी न्याय मागितला. पोलिसांच्या लाठ्याही खाल्ल्या. आमच्या चहाच्या टपरीवर दादा आणि बाबू त्या संध्याकाळी एकाच बाकावर बसले होते. एरवी दोघांमध्ये निदान एक माणूस बसवावा लागतो.

मग लीग सुरू झाली आणि ईस्ट बंगाल हरू लागले. बंगळूरशी हरले, केरळशी हरले, गोव्याशी हरले. कार्लेस क्वाद्रात हे स्पॅनिश प्रशिक्षक राजीनामा देऊन गेले. तरी जमशेदपूरशी हरले. 19 ऑक्टोबरला मोहन बागानने 2-0 असे लोळवले आणि तीन दिवसांनी ओडिशाने जुनी उधारी वसूल केली. सहा सामने, सहा पराभव. शिंपीकाकांनी दुर्गापूजेत नवस बोलायचे सुचवले, तर भाजीवाले म्हणाले, “देवीला कशाला लाजवता? तिलाही पास द्यायला कोणी पाहिजे ना!”

टपरीवर गल्ल्याजवळ दादांची नात बसते. नववीत आहे. घरी बंगाली, शाळेत मराठी, आणि मैत्रिणींत अस्सल आमची झाडीपट्टी. ती म्हणाली, “दादू, काऊन तोंड पाडून बसता जी? ते तिकडं हरले, तुमचा च्या काऊन थंडा झाला?” ‘दादू’ म्हणजे आजोबा. दादांनी उत्तर दिले नाही. नातू तर माद्रिदच्या संघाचा भक्त. त्याला या म्हाताऱ्यांच्या लाल-पिवळ्या दुःखाचे हसूच येई. आपल्यानंतर हा बाक रिकामा राहणार, हे दादांना केव्हाच कळून चुकले होते. ते बोलत नसत, इतकेच.

आणि मग ती धनत्रयोदशी आली. 29 ऑक्टोबर 2024. आशियाई चॅलेंज लीगमध्ये ईस्ट बंगालची गाठ भूतानात थिंफूला ढाक्याच्या बसुंधरा किंग्ज या संघाशी होती. गंमत अशी की नवे प्रशिक्षक ऑस्कर ब्रुझोन हे पूर्वी याच बसुंधराचे प्रशिक्षक होते. म्हणजे त्यांनाही आपल्या जुन्या घराविरुद्ध उभे राहायचे होते. पण त्यांना त्याचा पगार होता.

बाबूंनी खोडी काढलीच. “काय दादा, आज तुम्ही कोणाकडून? समोर तर तुमचेच गाववाले!”

टपरी एकदम गप्प झाली. दादा आठ वर्षांचे असताना आईचे बोट धरून निघाले. तेथले एक तळे आणि सुपारीची दोन झाडे एवढेच त्यांना आठवते. ते शांतपणे म्हणाले, “तो बांगलादेश. चांगला देश असेल, मी पाहिला नाही. माझे गाव ईस्ट बंगालमध्ये होते.”

पहिल्याच मिनिटाला दियामांताकोसने गोल केला. मग सौविक चक्रवर्ती, मग नंदकुमार, मग अन्वर अली. 4-0! सहा पराभव गिळलेला संघ हाच का, असा प्रश्न पडावा. शिंपीकाका बाकावर उभे राहिले, बाक मोडला. त्याचे पैसे विरोधी पक्षाने भरावेत असा ठराव बहुमताने मंजूर झाला. दादा मात्र ओरडले नाहीत. चौथ्या गोलानंतर ते उठून बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या पणत्यांच्या दुकानासमोर बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी पणत्या काही आणल्या नव्हत्या.

पुढचे लौकर सांगतो. लीगमधला पहिला विजय नोव्हेंबरच्या अखेरीस मिळाला. मार्चमध्ये तुर्कमेनिस्तानच्या आर्कादाग संघाने आशियाई स्पर्धेतून बाहेर काढले. लीगमध्ये नववा नंबर, आदल्या वर्षीही नववाच. सातत्य म्हणतात ते हेच असावे. मोहन बागानने शील्ड आणि चषक दोन्ही नेले आणि बाबूंनी आठवडाभर झिंगे वाटले. ते मीही खाल्ले. मानसेवी सभासदाला तेवढी मुभा असावी.

एप्रिल 2025 मध्ये मी टपरीवर गेलो तेव्हा हंगाम संपला असे समजूनच गेलो होतो. पाहतो तो गल्ला सोडून नात बाकावर, मोबाइल तिच्या हातात, आणि म्हातारे तिच्या पाठीमागे उभे. ईस्ट बंगालच्या मुलींचा सामना चालू होता. या संघाकडे वर्षभर मंडळातल्या एकानेही ढुंकून पाहिले नव्हते. तिने मात्र एकटीने, चहाचे कप विसळता विसळता, सगळे सामने पाहिले होते. तिला कोण कोठे खेळते, कोणाच्या डाव्या पायात जोर आहे, सारे पाठ. संगीता बासफोरने गोल केला, गतविजेता ओडिशा संघ 1-0 असा हरला, आणि ईस्ट बंगालच्या मुली देशाच्या महिला लीगच्या विजेत्या ठरल्या.

“दादू, जिंकलो न जी आपण!” ती म्हणाली.

‘आपण’ हा शब्द तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. दादांनी चष्मा पुसला आणि विचारले, “ती गोल करणारी कोण म्हणालीस?” मग नातीने म्हाताऱ्यांना संघातली अकरा नावे दोनदा म्हणून दाखवली. जुलैत त्याच संगीताने थायलंडविरुद्ध दोन्ही गोल करून भारताला आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत नेले, तेव्हा तर बाबूंनीही टाळ्या वाजवल्या. वर, मुलगी कल्याणीची, म्हणजे आमच्याच बाजूची, असा दावाही लावला. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

आता शाळेच्या संघात नात उजवीकडून खेळते. पावसात एका शनिवारी तिचा सामना होता. मंडळ सहकुटुंब गेले. दादांनी छत्री धरली, शिंपीकाकांनी लाल-पिवळ्या कापडाचा झेंडा शिवला होता. मुली 2-1 अशा हरल्या. मैदानावरून परतताना तिला चार शब्द सुनावायला सगळेच पुढे सरसावले, आणि दुसरा गोल कोणाच्या चुकीने झाला यावर रात्री टपरी बंद होईपर्यंत वाद चालला होता.