अपग्रेडनंतर सर्व्हर उठला नाही, तर फॉरमॅटची घाई नको

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मदत बंद केली. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेची नवी अपडेट मिळणे थांबले. शाळा, मदरसे, पतसंस्था, मशिदींचे ट्रस्ट, सगळीकडे एकच प्रश्न उभा राहिला: आता विंडोज ११ टाकायचे का? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपल्या संस्थांमधले बरेच संगणक देणगीतून आलेले, त्याहून जुने. मग कुणीतरी नियम बाजूला सारून नवी सिस्टीम बसवून देतो. कधी ती चालते. कधी दुसऱ्या दिवशी काळा पडदा, फिरणारे ठिपके आणि पुढे काहीच नाही.

सर्व्हरचीही तीच गोष्ट. सेंटओएस ७ ची मदत ३० जून २०२४ ला संपली, उबंटू २०.०४ ची नेहमीची मोफत मदत मे २०२५ मध्ये. विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत जानेवारी २०२७ पर्यंतच आहे. म्हणजे अपग्रेड टाळून चालणार नाही. अपग्रेड फसले तर पहिल्या तासात काय करायचे, हे मात्र आधी ठरवता येते. आमचा अनुभव असा की त्या तासात सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य असते, "सर, फॉरमॅट मारावा लागेल." खरे नुकसान बहुतेक वेळा या वाक्यानंतर होते.

१९ जुलै २०२४ ने काय शिकवले

तो शुक्रवार होता. सकाळी साधारण पावणेदहाला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट जगभरातल्या विंडोज संगणकांवर गेली. ही विंडोजची स्वतःची अपग्रेड नव्हती, पण परिणाम तोच: संगणक निळा पडदा दाखवायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा निळा पडदा. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक अडकले होते. भारतात विमानतळांवर काही कंपन्यांनी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, इंडिगोला सुमारे २०० उड्डाणे रद्द करावी लागली. रिझर्व्ह बँकेने १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचे सांगितले.

अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी दुरुस्तीला काही ठिकाणी कित्येक दिवस का लागले? कारण जो संगणक सुरूच होत नाही, त्याला इंटरनेटवरून बरे करणे अवघड. बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रापुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, एक फाइल काढावी लागली. ज्यांची डिस्क बिटलॉकरने बंद होती, त्यांना ४८ अंकी चावी शोधावी लागली. त्या संगणकांमधला डेटा जागेवरच होता. बिघडला होता तो आत जायचा रस्ता.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे. ज्या दिवशी विंडोज १० ची मुदत संपली, त्याच १४ ऑक्टोबरला विंडोज ११ साठी आलेल्या अपडेटमुळे दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. संगणक सुरू होता तोवर कुणाला कळले नाही. ज्याला दुरुस्तीची गरज पडली, त्याच्यापुढे पर्याय दिसत होते, पण निवडता येत नव्हते. सुधारित अपडेट २० ऑक्टोबरला आली. म्हणून परतीचा मार्ग फक्त कंपनीच्या भरवशावर ठेवू नये.

पहिल्या तासात काय करावे

संगणक सुरू होताना आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो डिस्कवरची ऑपरेटिंग सिस्टीम शोधून उठवतो. अपग्रेडमध्ये बिघाड होतो तो बहुधा याच टप्प्यावर. विद्यार्थ्यांच्या नोंदी, हिशेब, स्कॅन केलेले कागद त्याच डिस्कवर इतरत्र असतात. तिजोरीचे कुलूप अडकले म्हणून कुणी तिजोरी भट्टीत टाकत नाही.

आधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढावा. त्यावरची ओळ दुरुस्ती करणाऱ्याच्या कामाची असते. डिस्कमधून टकटक किंवा घरघर येत असेल, तर वीज लगेच बंद करावी. तो अपग्रेडचा प्रश्न नसून डिस्कच जात असल्याची खूण आहे. प्रत्येक नवा प्रयत्न तिला आणखी खराब करतो.

डिस्क शांत असेल तर पुढचे पाहावे. उबंटूसारख्या लिनक्स सर्व्हरवर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेनू येतो. त्यातल्या प्रगत पर्यायांत बहुधा जुना कर्नल शिल्लक असतो. तो निवडून सर्व्हर उठला, तर दोष नव्या कर्नलमध्ये किंवा तो बसवण्यात आहे. अनेकदा कारण साधे निघते: बूटची जागा भरलेली असते आणि नव्या कर्नलच्या फाइली अर्ध्याच लिहिल्या जातात. जुने, न लागणारे कर्नल काढून नवा पुन्हा बसवला की काम होते.

विंडोज सलग दोन-तीन वेळा अडला की दुरुस्तीचा पडदा स्वतःहून आणतो. तिथे शेवटची अपडेट काढणे, सेफ मोड, स्टार्टअप रिपेअर आणि आधीच्या आवृत्तीवर परत जाणे असे पर्याय मिळतात. मात्र १० वरून ११ वर गेल्यावर परतीची मुदत साधारण १० दिवसांचीच असते. शिवाय डिस्कची जागा मोकळी करताना जुनी विंडोज पुसली, तर तोही दरवाजा बंद.

यातले काही चालले नाही, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवावे. त्यासाठी डिस्कवर काही बसवावे लागत नाही. डिस्क उघडते का पाहावे आणि सगळ्या नोंदी बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. बिटलॉकर असेल तर इथेही ती चावी लागतेच. सर्व्हरमध्ये एकाहून अधिक डिस्क असतील, तर काढण्याआधी प्रत्येकीवर क्रमांक लिहावा. नोंदी बाहेर आल्या, उघडून पाहिल्या, मगच फॉरमॅटचा विचार. एसएसडीवर तर हे फारच महत्त्वाचे. फॉरमॅटनंतर ती डिस्क मोकळी जागा स्वतःच पुसून टाकते आणि मग डेटा परत मिळणे जवळपास अशक्य होते.

आपल्यासाठी पणाला काय लागले आहे

जानेवारी २०२५ मध्ये मालेगावच्या उशिराच्या जन्मनोंदींच्या चौकशीसाठी राज्य सरकारने एसआयटी नेमली. त्या चर्चेत किती घरांनी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला पेटीतून बाहेर काढला असेल! वक्फचेही तसेच. ६ जून २०२५ ला उम्मीद पोर्टल सुरू झाले, नोंदणीला सहा महिने मिळाले, आणि १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारून अर्जदारांना न्यायाधिकरणाकडे जायला सांगितले. मुतवल्लींनी धावपळ करून वक्फनामे, गॅझेटची पाने, सातबारे स्कॅन केले. ते स्कॅन आज कुणाच्या संगणकात आहेत? ट्रस्टच्या, की ज्या मुलाने फॉर्म भरून दिला त्याच्या? त्याचा संगणक उद्या उठला नाही तर?

शाळेचे जनरल रजिस्टर कागदावर असते, हे आपले नशीब. पण फीचे हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, मक्तबच्या हजेऱ्या, पतसंस्थेची खाती, बैतुलमालच्या मदतीची यादी, हे सगळे हळूहळू एका संगणकात गेले आहे. कुरआनातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगते. नोंद एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या भरवशावर ठेवणे त्या शिकवणीशी जुळत नाही. लोकांचे कागद आपल्याकडे अमानत आहेत.

कमिट्यांनी ठरवावे असे काही

अपग्रेडच्या आधी पूर्ण डिस्कची प्रत घ्यावी. महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. सर्व्हरमध्ये जोडीने बसवलेल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकीची अपडेट दोन्हींवर एकदमच लिहिली जाते. वर्षातून दोनदा बॅकअपमधली फाइल उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप हा फक्त अंदाज असतो.

बिटलॉकरची चावी आणि पासवर्ड कागदावर लिहून ट्रस्टच्या कपाटात ठेवावेत. कित्येकदा ती चावी संस्था सोडून गेलेल्या शिक्षकाच्या किंवा दुकानदाराच्या ईमेल खात्यात पडलेली असते.

अपग्रेड आधी एका संगणकावर करून आठवडाभर पाहावे. प्रवेश, परीक्षा किंवा पगारबिलाच्या दिवसांत हात लावू नये. जुन्या यंत्रांवर जबरदस्तीने विंडोज ११ टाकण्याची गरजही नाही. घरगुती संगणकांसाठी विंडोज १० ची जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. शैक्षणिक परवान्यावर शाळांना पहिल्या वर्षी प्रति संगणक १ डॉलरमध्ये ती मिळतात. लिनक्सही आहेच. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे त्यावर चालतात.

आणि दुरुस्तीला देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी: "लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये." जुन्या नाशकातले दुकान असो की मालेगावचे, चांगला कारागीर या ओळीला नाही म्हणत नाही. जो म्हणेल, त्याच्याकडे आपली डिस्क सोडू नये.