पीडितांची कागदपत्रे कुलपात, पण किल्ली कुठे?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. लोकांची माहिती बाळगणाऱ्यांनी ती सुरक्षित ठेवावी, असे ते सांगतात आणि त्यासाठीच्या उपायांत एन्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख करतात. चर्चा मात्र मोठ्या कंपन्यांचीच होते. चळवळीतील कार्यालयांकडे कोणी पाहत नाही.

अत्याचारग्रस्तांसोबत काम करणाऱ्या संस्थेकडे काय असते? फिर्यादीच्या प्रती, जातीचे दाखले, वैद्यकीय अहवाल, जखमांचे फोटो, साक्षीदारांचे पत्ते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ नुसार न्यायालय साक्षीदाराचे नाव-पत्ता सार्वजनिक नोंदींत गुप्त ठेवण्याचा आदेश देऊ शकते. तोच पत्ता आपल्या कार्यालयात उघडा पडला असेल, तर त्या संरक्षणाला अर्थ काय?

अनेक संस्था आता नॅस वापरतात. नॅस म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेली सामायिक साठवणपेटी. लॉगिनचा पासवर्ड आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण एन्क्रिप्शन नसेल, तर आतल्या डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्या की फाइली वाचता येतात. सिनॉलॉजीच्या उपकरणांत डीएसएम ७.२ पासून संपूर्ण व्हॉल्यूम एन्क्रिप्ट करता येतो, मात्र तो तयार करतानाच हा पर्याय निवडावा लागतो. जुना व्हॉल्यूम तसाच बदलता येत नाही. म्हणून आधी बॅकअप, मग नवा व्हॉल्यूम.

खरा प्रश्न किल्लीचा आहे. ती त्याच पेटीत ठेवली, तर यंत्र सुरू होताच कुलूप आपोआप उघडते. फक्त डिस्क चोरीला गेल्या तर माहिती वाचते. अख्खी पेटीच उचलून नेली तर कुलूप आणि किल्ली दोन्ही गेले. त्यामुळे किल्ली दुसऱ्या यंत्रावर ठेवावी, किंवा संवेदनशील फोल्डर वेगळे एन्क्रिप्ट करून दर वेळी पासवर्ड टाकूनच उघडावे. रिकव्हरी किल्ली दोन जबाबदार व्यक्तींकडे, दोन ठिकाणी असावी. ती हरवली तर आपणही कायमचे बाहेर.

एन्क्रिप्शनची मर्यादाही ओळखावी. उघडलेल्या व्हॉल्यूमला ते मालवेअरपासून वाचवत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरद्वारे फाइली घुसवल्याचा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये मांडला. एनआयएने तो मान्य केला नाही. २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने इंटरनेटला थेट जोडलेल्या क्यूनॅपच्या नॅसवरील फाइली बंद करून खंडणी मागितली. म्हणून नॅस थेट इंटरनेटवर उघडू नये, अपडेट टाळू नयेत आणि एक बॅकअप नेटवर्कपासून तोडून ठेवावा. पुराव्याच्या फाइलींची हॅश नोंद वेळीच करावी. नंतर फाइल बदलली गेली का, हे त्यावरून कळते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हॅश द्यावी लागते.

हे काम 'कॉम्प्युटरवाल्या पोरावर' सोडून चालणार नाही. किल्ली कोणाकडे, कार्यकर्ता संस्था सोडून गेला तर पुढे काय, हे कार्यकारिणीने ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. पीडित कुटुंब कागद देते तेव्हा स्वतःची सुरक्षितताही आपल्या हाती सोपवते.